आकडे ठीक आहेत, खोलीचं काय?

माझ्या डाव्या स्पीकरची तार जवळजवळ दीड वर्ष उलटी जोडलेली होती. लाल टोक काळ्यात, काळं लालमध्ये. त्या दीड वर्षात मी काय काय केलं म्हणाल, तर सगळ्या सीडी नव्याने रिप केल्या, म्हणजे संगणकावर फाइली करून उतरवून घेतल्या, फाइलींचा प्रकार बदलला, वेगळा डॅक (फाइलीतल्या आकड्यांची विद्युतलहर करणारं उपकरण) आणला, वर यूएसबीची केबलही बदलून पाहिली. गाणं तरी पोकळच वाजायचं. बेस कुठे गायब होतो ते कळायचं नाही, आणि गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध उभा राहायचं सोडून खोलीभर भुतासारखा फिरायचा. एकदा झाडलोट करताना स्पीकर सरकवला, तार निसटली, ती परत खोचताना चूक दिसली. दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत. एका स्पीकरचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि दोघं मिळून बेसची हवा काढून घेत होते, एवढंच होतं ते.

घरी मन लावून गाणी ऐकणाऱ्यांची काळजी बहुतेक वेळा अशीच भलत्या ठिकाणी खर्ची पडते. फाइल कुठली, केबल कुठली यावर रात्री जातात. पण या सगळ्या साखळीत डिजिटल भाग सर्वांत सोपा आहे. तो एकदा नीट केला, तपासून घेतला, की कायमचा संपला. अवघड काम त्याच्या पुढे आहे, आकड्यांची हवा होते तिथे. तेव्हा सीडीपासून निघून कानापर्यंत चालत जाऊ, आणि कुठे खरंच काही बिघडतं, कुठे नुसती बिघडल्याची भीती असते ते पाहत जाऊ.

चकतीवरची यादी

सीडी म्हणजे प्लॅस्टिकच्या चकतीवर लिहिलेली आकड्यांची लांबलचक यादी. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० साली तिचे नियम ठरवले आणि ऑक्टोबर १९८२मध्ये ती जपानमध्ये विक्रीला आली. नियम असा: ध्वनिलहरीची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, डाव्या आणि उजव्या बाजूची वेगवेगळी, आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवायचं. सोळा बिटांत तेवढ्याच पायऱ्या मावतात. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात.

४४,१०० हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण त्याला कारण आहे. मोजणीचा वेग जेवढा असेल त्याच्या निम्म्यापर्यंतच्या कंपनसंख्या पूर्णपणे पकडता येतात, असा गणिताचा नियम आहे. तरुण माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. म्हणजे ४०,००० मोजण्या हव्याच, शिवाय त्यावरचं सगळं गाळणाऱ्या फिल्टरला काम करायला थोडी मोकळी जागा. नेमका ४४,१०० मात्र व्हिडिओ रेकॉर्डरमुळे आला. त्या काळी डिजिटल ध्वनी व्हिडिओच्या टेपवर साठवत. चित्राच्या एका रेघेत तीन नमुने, वापरता येण्याजोग्या २४५ रेघा आणि सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी चित्रं). किंवा २९४ रेघा आणि ५० क्षेत्रं. दोन्ही गुणाकार करून पाहा, उत्तर तेच येतं.

इथे एक गैरसमज हमखास आडवा येतो: डिजिटल आवाज जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि खरा आवाज गुळगुळीत. जाहिरातींतल्या चित्रांनी हा समज पोसला आहे. प्रत्यक्षात सीडीवर पायऱ्या नसतात, ठिपके असतात. त्या सगळ्या ठिपक्यांमधून जाणारी, आणि २२,०५० हर्ट्झच्या वर काहीही नसलेली, अशी एकच वक्ररेषा काढता येते. दुसरी काढता येतच नाही. डॅकमधला फिल्टर तीच रेषा काढून देतो. दोन ठिपक्यांच्या मधलं काही हरवत नाही, कारण मध्ये दुसरं काही असायला वावच ठेवलेला नसतो.

उरला सोळा बिटांचा प्रश्न. सोळा बिटांत सर्वांत मोठ्या आवाजापासून तळाच्या खरखरीपर्यंत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. शांत खोलीतही साधारण ३० डेसिबलचा गुणगुणाट असतोच. पंखा लावला की जास्त. ती खरखर ऐकू यायची तर वरचा आवाज १२६ डेसिबलपर्यंत न्यावा लागेल, आणि तिथे कान दुखायला लागतात.

मग त्याहून जास्त बिटांच्या, जास्त नमुन्यांच्या त्या हाय-रेझ फाइली कशाला? २००७मध्ये मेयर आणि मोरन या दोघांनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हाय-रेझ आवाज एकदा थेट ऐकवायचा आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या चिंचोळ्या दारातून काढून ऐकवायचा. कुठला कुठला ते ऐकणाऱ्याने सांगायचं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. पुढे २०१६मध्ये जोशुआ राइस यांनी अशा प्रकारचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२ टक्क्यांच्या आसपास भरलं. म्हणजे फरक असलाच तर केसाएवढा. हाय-रेझ अल्बम कधी कधी खरोखर चांगला वाजतो, पण त्याचं कारण बहुधा वेगळं असतं. त्याकडे पुढे येऊच.

ओरखडा कुठल्या बाजूला?

सीडीवरचे आकडे सूक्ष्म खळग्यांच्या रूपात एका सर्पिल वाटेवर मांडलेले असतात. वाट आतून सुरू होऊन बाहेर जाते, शेजारच्या दोन फेऱ्यांत १.६ मायक्रॉनचं अंतर असतं. ७४ मिनिटांच्या सीडीवरची ही वाट उलगडली तर पाच किलोमीटरपेक्षा लांब भरेल. लेझरचा झोत त्यावरून एकाच वेगाने जावा म्हणून चकती आतल्या बाजूला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि कडेपर्यंत पोहोचेतो २००वर येते.

एवढ्या बारीक कामात धूळ, बोटांचे ठसे, ओरखडे येणारच, हे बनवणाऱ्यांना माहीत होतं. म्हणून लागोपाठचे आकडे शेजारीशेजारी लिहितच नाहीत. ते दूरदूर विखुरतात आणि सोबत पडताळणीचे जादा आकडे देतात. एखादी जागा वाचता आली नाही तर विखुरलेल्या बाकीच्या तुकड्यांवरून हरवलेले आकडे गणिताने परत मिळवता येतात. अंदाजे नव्हे, अगदी तंतोतंत. वाटेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरचा डाग असा भरून निघतो. म्हणूनच सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आडवा ओरखडा वाटेला एका जागी छेदून जातो. गोल ओरखडा वाटेच्या बरोबरीने चालत राहतो आणि अडीच मिलिमीटरची मर्यादा कधीच ओलांडतो.

आपण चमकणाऱ्या बाजूला जिवापाड जपतो आणि लेबलच्या बाजूवर सीडी खुशाल आपटतो. करायला हवं उलट. चमकणाऱ्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक आहे. तिथला ओरखडा घासून काढताही येतो. अ‍ॅल्युमिनियमचा आकडे धरणारा पातळ थर मात्र लेबलच्या लगेच खाली आहे, वर फक्त लाखेचा पापुद्रा. तिथे बॉलपेनने नाव लिहिलं तर खालचे आकडे कायमचे गेले समजा. घरी बर्न केलेल्या सीडीत तर आकडे रंगद्रव्याच्या थरात असतात आणि तो उन्हात खराब होतो. अशा सीडी असतील तर रिप करायला त्या आधी घ्या.

डाग फारच मोठा असेल तर प्लेअर हरवलेल्या नमुन्याच्या जागी आजूबाजूचे नमुने पाहून अंदाजाने काहीतरी भरतो, आणि तसं केल्याचं आपल्याला सांगत नाही. ऐकताना हे सोयीचंच असतं. रिप करताना मात्र हीच सोय नडते.

रिप: एकदाच, पण तपासून

संगणकावरची एखादी साधी फाइल सीडीवरून उतरवून घेतली तर ती बिनचूक येते किंवा येतच नाही. गाण्यांच्या सीडीला ही हमी नाही. दोन्हींत माहितीचे तुकडे २,३५२ बाइटचेच असतात. पण डेटा सीडीत त्यातले २,०४८ बाइट माहितीचे आणि बाकीचे पत्ता व जादा दुरुस्तीसाठी राखलेले. गाण्यांच्या सीडीत सगळेच्या सगळे गाण्याचे. म्हणजे चूक पकडणारा एक पहारेकरी कमी. ड्राइव्हने अंदाजाने भरलेले नमुने मुकाट फाइलीत जाऊन बसू शकतात. एखादी टिकटिक कानाला टोचते. बाकीच्या चुका वर्षानुवर्षं कळतही नाहीत.

यावरचा उपाय साधा आहे: तोच भाग दोनदा वाचायचा, जुळला तर पुढे जायचं, नाही जुळला तर पुन्हापुन्हा वाचायचं. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, डीबीपॉवरअँप, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्रॅम असं करतात. पण दोनदा एकच चूक होऊ शकते, म्हणून अ‍ॅक्युरेटरिप नावाची सोय फार मोलाची. जगात इतर लोकांनी तीच सीडी रिप केल्यावर आलेल्या आकड्यांचा सारांश तिथे साठवलेला असतो. तुमच्या फाइलीचा सारांश त्यांच्याशी जुळला, तर वेगळ्या घरात, वेगळ्या ड्राइव्हवर, त्याच सीडीच्या वेगळ्या प्रतीवरून नेमके तेच आकडे आले असा त्याचा अर्थ. इतक्या लोकांच्या हातून तीच चूक त्याच जागी होणं अशक्यच. जुळलं की त्या सीडीचा विषय बंद. याहून चांगला रिप कुठल्याही महागड्या ड्राइव्हवर होत नाही, कारण बरोबर याच्या पुढे जास्त बरोबर असं काही नसतं.

प्रोग्रॅम पहिल्यांदा चालवताना तो ड्राइव्हचा ऑफसेट विचारतो. प्रत्येक ड्राइव्ह सीडी काही नमुने आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो, त्याची ही भरपाई. सेकंदात ४४,१०० नमुने असताना शेपाचशे नमुन्यांचा फरक कानाला कळणार नाही, पण सारांश जुळवायला तो लागतो. एकदा भरा आणि विसरा.

एक आडवाटेची गोष्ट. १९८०च्या दशकातल्या काही सीडींवर वरचे स्वर मुद्दाम चढवून मुद्रित केलेले आहेत. सोबत एक खूण असते. प्लेअर ती वाचतो आणि वाजवताना तेवढेच उतरवतो. याला प्री-एम्फसिस म्हणतात. रिप करताना ही खूण मागे राहिली तर फाइल कर्कश वाजते. आकडे अगदी बरोबर, अ‍ॅक्युरेटरिपही खूश, तरी कानाला त्रास. एखादी जुनी सीडी प्लेअरवर छान आणि फाइल होऊन किरकिरी वाटली तर आधी हा संशय घ्या. सॉक्स नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये ते उतरवून देणारी आज्ञा आहे.

साठवायचं कशात? फ्लॅक नावाच्या फाइलप्रकारात. तासाभराची सीडी कच्च्या रूपात सुमारे ६३५ मेगाबाइट होते; फ्लॅक ती बहुतेकदा निम्म्या-साठ टक्क्यांवर आणतो आणि उघडल्यावर प्रत्येक बिट परत देतो, झिप फाइलीसारखा. त्यात ० ते ८ असे दाबण्याचे स्तर असतात. आठवर जास्त दाबलं म्हणून आवाज घुसमटत नाही, फक्त फाइल थोडी लहान होते आणि बनवायला वेळ लागतो. फाइलीच्या पोटात मूळ आवाजाची खूणगाठही ठेवलेली असते, त्यामुळे वर्षांनंतर फाइल शाबूत आहे का हे तपासता येतं. घरात सगळी उपकरणं अ‍ॅपलची असतील तर एएलएसी हा त्यांचा तसाच प्रकार घ्या, आवाज तोच. वेव्ह फाइलही तितकीच अचूक असते, पण गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती तिच्यात नीट टिकत नाही.

एमपी३चं तंत्र वेगळं. मोठ्या स्वराच्या सावलीत लपलेला बारीक स्वर कानाला ऐकू येत नाही, मग तो ठेवायचा कशाला, असा त्याचा हिशेब. १२८ केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांवर, हा हिशेब उघडा पडतो: टाळ्यांचा कडकडाट पाण्यातून आल्यासारखा वाटतो, झांजांचा नाद चुरगळतो. ३२०वर मात्र, चांगल्या एन्कोडरने केलं असेल तर, डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखणारे फार थोडे. तरीही घरचा साठा फ्लॅकमध्येच ठेवा असं मी म्हणतो ते कानासाठी नव्हे. फ्लॅक म्हणजे मूळ दस्तऐवज. त्याच्यापासून फोनसाठी, गाडीसाठी हव्या त्या प्रकारची प्रत काढता येते. एमपी३वरून दुसरी एमपी३ काढली की झेरॉक्सची झेरॉक्स. आणि एमपी३चं फ्लॅक करून काही परत मिळत नाही. झेरॉक्स कितीही भारी फायलीत लावली तरी तिचा मूळ कागद होत नाही. शिवाय एका गाण्यातून दुसऱ्यात थेट जाणाऱ्या मैफलीच्या मुद्रणात एमपी३ सुरुवातीला आणि शेवटी चिमूटभर शांतता घालते, प्लेअरने ती कापली नाही तर लय अडखळते. फ्लॅकला हा आजार नाही.

साठ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, जमलं तर वेगळ्या घरात. हार्ड डिस्क मरणार आहे की नाही हा प्रश्न नसतो, कधी एवढाच असतो. आणि रिप झालं म्हणून सीडी देऊन टाकू नका.

फाइलीपासून तारेपर्यंत

आता हे आकडे डॅककडे न्यायचे, म्हणजे आकड्यांची विद्युतलहर करणाऱ्या चिपकडे. संगणक आणि फोन यांचा स्वभाव असा की सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र मिसळायचे, आणि त्यासाठी ४४,१००ची फाइल बहुतेकदा ४८,०००मध्ये बदलून घ्यायची. हल्ली हे रूपांतर चांगलं होतं, त्याने झोप उडवून घेण्यासारखं काही नाही. टाळायचंच असेल तर विंडोजवरच्या चांगल्या प्लेअरमध्ये एक्सक्लुझिव्ह मोड असतो, तो लावा. मेल आल्याची टिंगही मग गाण्यात घुसत नाही. खरा घात करतात ती कोणी न विचारता चालू असलेली ‘एन्हान्समेंट’ची बटणं: बेस बूस्ट, सराउंड, लाउडनेस. एकदा सगळी सेटिंग उघडून ती बंद करा.

ब्लूटूथ गाणं वाटेत पुन्हा दाबतं. फाइल फ्लॅक असली तरी हवेतून जाताना ती एसबीसी, एएसी किंवा तत्सम रूपात जाते. कामं करता करता ऐकायला काही हरकत नाही. बसून ऐकायचं तर तार किंवा वायफाय.

डॅकबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. आजचा साधा, नीट बनवलेला डॅक इतका स्वच्छ असतो की त्याची खरखर आणि विकृती कानाच्या आवाक्याखाली असते. आकड्यांच्या वेळेतली थरथर, जिला जिटर म्हणतात, तीही आता बहुतेक उपकरणांत ऐकू येण्याच्या खूप खाली गेलेली आहे. वेगळा डॅक घ्यायचं चांगलं कारण एकच: संगणकाच्या आतल्या जॅकमध्ये विजेचा गोंगाट शिरतो. माउस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर होते, ती हीच. सतत एकसुरी गुंऽऽ ऐकू येत असेल तर दोन उपकरणांच्या अर्थिंगची साखळी झालेली असू शकते. ऑप्टिकल केबल वापरली तर ती साखळी तुटते, कारण तिच्यातून वीज जातच नाही, प्रकाश जातो. डिजिटल केबलने होणारा बिघाड आवाज तुटणे, कटकट होणे असा धडधडीत असतो. ‘जरा कोरडा वाजतोय’ असा बिघाड आकड्यांना होत नाही.

कारागिराने काय केलं

मघाशी सोडलेला धागा: एकच अल्बम दोन सीडींवर वेगळा का वाजतो? कारण सीडीला जाण्याआधी मास्टरिंग होतं, म्हणजे मुद्रणावरून शेवटचा हात फिरतो, आणि ते करणारा माणूस, काळ, हुकूम वेगळे असतात. १९९०च्या दशकात आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे अशी चढाओढ सुरू झाली. पण आकड्यांना छत असतं, त्याच्या वर जाता येत नाही. मग हळू जागा वर ओढायच्या, मोठ्या जागा छताला दाबायच्या. तबल्यावरची थाप आणि तिच्यामागची शांतता यांतलं अंतर मिटतं, आणि दहा मिनिटांत कान थकतो. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा: श्वास घेणाऱ्या मुद्रणाचा आलेख डोंगरदऱ्यांचा दिसतो, दाबलेल्याचा विटेसारखा. जुनी सीडी ‘रीमास्टर्ड’ पट्टी लावलेल्या नव्या सीडीपेक्षा सरस निघाल्याचं मी इतक्यांदा पाहिलंय की जुन्या प्रती आता आवर्जून शोधतो. हाय-रेझ अल्बम चांगला वाजतो तेव्हाही बहुतेकदा श्रेय त्याच्या वेगळ्या, सैल हाताने केलेल्या मास्टरचं असतं.

साठ्यात दोन्ही प्रकारची गाणी असली की दर गाण्याला आवाज कमीजास्त करत बसावं लागतं. २००१मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी सुचवलेली रिप्लेगेन ही पद्धत त्यासाठी आहे. प्रोग्रॅम प्रत्येक गाणं कानाला किती मोठं वाटेल ते मोजतो आणि फाइलीवर फक्त चिठ्ठी लावतो. नमुन्यांना हात लावत नाही. प्लेअर चिठ्ठी वाचून आवाज कमीजास्त करतो. सलग अल्बम ऐकणार असाल तर ‘अल्बम’ पर्याय निवडा, नाहीतर हळुवार गाणंही धडाकेबाज गाण्याच्या बरोबरीने ओरडेल.

आता खोली

इथपर्यंतच्या सगळ्या चुका एका पारड्यात टाकल्या तरी दुसऱ्या पारड्यातली खोली खालीच राहील. डॅकमधली विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागांत मोजतात. स्पीकरची बेसमध्ये कैक टक्के असू शकते. आणि खोली बेसच्या एखाद्या सुराला दहा-पंधरा डेसिबल वर नेते किंवा जवळजवळ नाहीसा करते.

कारण असं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासची अर्धी लहर दोन भिंतींत बरोब्बर बसते. ती भिंतीवर आपटून परत येते, स्वतःवरच चढते आणि जागच्या जागी डोलत राहते. भिंतींजवळ तो सूर घुमतो, खोलीच्या ऐन मध्यावर मरतो. दुप्पट, तिप्पट कंपनसंख्यांना हाच खेळ वेगळ्या जागी. शिवाय रुंदी आणि उंचीचे आपले वेगळे. खरं वाटत नसेल तर ४० ते ८० हर्ट्झमधला एखादा शुद्ध सूर लावा आणि खोलीत फेरी मारा. एका पावलावर छाती थरथरते, पुढच्या दोन पावलांवर सूर गेलेला असतो. तोच स्पीकर, तीच फाइल.

म्हणून खुर्ची भिंतीला चिकटवू नका आणि खोलीच्या नेमक्या मध्यावरही ठेवू नका. लांबीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास सुरुवात करून वीसवीस सेंटिमीटर पुढेमागे करत ऐका. स्पीकर कोपऱ्यात ढकलले की बेस फुगतो. मागच्या भिंतीपासून एक मीटरवर आणले तर ८५ हर्ट्झच्या आसपास परतणारी लहर उलटी येऊन त्या सुराला खाते. सगळ्या संकटांतून सुटणारी जागा नसते, त्यातल्या त्यात बरी जागा असते, आणि ती ऐकूनच सापडते. सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारा वेगळा स्पीकर, असेल तर एक हास्यास्पद पण रामबाण युक्ती आहे: तो आपल्या खुर्चीवर ठेवायचा, बेसचं काहीतरी लावायचं आणि जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे बेस समतोल ऐकू येतो तिथे सबवूफर न्यायचा. ध्वनीची वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते, म्हणून हे चालतं. घरच्यांना आधी सांगून ठेवा.

वरच्या स्वरांचं गणित सोपं आहे. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा पडदा, कानाच्या उंचीला. डावीकडे भिंत आणि उजवीकडे मोकळी जागा असा प्रकार शक्यतो नको, नाहीतर आवाज एका बाजूला कलतो. मग खुर्चीवर बसा आणि कोणालातरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसेल त्या जागी भिंतीवरून पहिला प्रतिध्वनी येतो. तिथे पुस्तकांनी भरलेलं कपाट किंवा जाड पडदा लावला तर गाणाऱ्याची जागा कशी ठळक होते ते ऐका. टाळी वाजवल्यावर मागून झर्रर्र असा आवाज येत असेल तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींत ध्वनी टोलवला जातोय.

पातळ गालिचे आणि फोमचे तुकडे भिंतभर लावायचा मोह आवरा. ते फक्त ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, शोषतात. बेसची लहर काही मीटर लांब. दोन सेंटिमीटरचा फोम तिला अडवत नाही. अशी खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी होते, आणि तंबोऱ्याचा झंकार ऐकू येईनासा होतो. बेस आवरायला कोपऱ्यांत जाडजूड, किमान दहा-पंधरा सेंटिमीटरचं तंतुमय साहित्य लागतं. जागा नसेल तर मोजणीचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हा प्रोग्रॅम घेऊन घुमणारे सूर ईक्यूने, म्हणजे ठरावीक सुरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या सोयीने, खाली आणा. खाली आणा, असं मुद्दाम म्हटलं. मरणाऱ्या सुराला ईक्यूने ढकललं तर परतणारी लहरही तेवढीच मोठी होते; सूर मेलेलाच राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर उगाच तापतो.

हेडफोन लावले की खोलीचा प्रश्नच मिटतो. फक्त आवाज समोर उभा राहत नाही, डोक्यात राहतो. रात्री उशिरा ऐकणाऱ्याला हा सौदा वाईट नाही.

शेवटचं उपकरण

ते दोन कानांच्या मध्ये आहे, आणि ते सहज फसतं. दोन आवाजांतला एक अर्धा डेसिबल मोठा असेल तर तो मोठा वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. जास्त उघडा, जास्त जिवंत. दुकानात नवा डॅक जुन्यापेक्षा सरस वाटतो त्यामागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून तुलना करताना आधी पातळी मोजून सारखी करायची आणि कुठलं काय वाजतंय ते स्वतःलाही कळू द्यायचं नाही. फूबार२००० या मोफत प्लेअरला यासाठी एबीएक्स नावाचा जोड मिळतो. तो ‘क्ष’ ऐकवतो, तो अ की ब ते आपण सांगायचं. सोळा वेळा सांगायचं. निव्वळ नशिबाने बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, तेव्हा बारा आले तर काहीतरी ऐकू येतंय असं मानायला हरकत नाही.

स्पीकरची तार सरळ केल्यावर आठवड्याभराने मीही बसलो. एकीकडे फ्लॅक, दुसरीकडे त्याच गाण्याची ३२०ची एमपी३. आठव्या फेरीपर्यंत मला पूर्ण खात्री होती की मला फरक कळतोय. माझे सोळापैकी नऊ आले.